ओला कडबा घालू नका

त्या दिवशी जालन्याच्या सदर बाजारातला मोठा छापखाना मालकाच्या मेहुणीच्या लग्नासाठी बंद नसता, तर भालचंद्र औंधकर हा गृहस्थ कादराबादेतल्या सुबोध छापखान्याची पायरी कधी चढलाच नसता, आणि शरयूचं डोकं पुढचे चार महिने ठिकाणावर राहिलं असतं. पण मेहुणीच्या लग्नाला कोण काय करणार?

छप्पन सालचा डिसेंबर होता. जालना हैदराबादेतून सुटून मुंबई राज्यात आल्याला महिना-दीड महिना झालेला, आणि मराठी पत्रकांची मागणी एकाएकी वाढलेली. मागच्या खोलीत शरयूचे वडील, म्हणजे दीनानाथ अंबेकर, पायानं ट्रेडल, म्हणजे छपाईचं यंत्र, चालवायचे. त्यांना सगळे नाना म्हणत. पुढच्या खोलीत खिडकीशी उभी राहून शरयू खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायची. वय बावीस, मॅट्रिक झालेली, आई लहानपणीच गेलेली, आणि लोक कागदावर काय काय लिहून आणतात ते रोज वाचून माणसांवरचा विश्वास बराचसा उडालेली. दंतमंजनवाल्याला सगळ्या रोगांवर रामबाण हवं असायचं आणि फेटेवाल्याला त्रिभुवनात प्रसिद्धी. हे सगळं ती निमूट जुळवायची, पण कपाळावरची आठी काही जायची नाही.

तर हा माणूस आत आला तेव्हा ती दाराकडे पाठ करून उभी होती. त्याला वाटलं, कुणी कामाला ठेवलेली बाई असेल. मालक येईपर्यंत वेळ कशाला घालवा, म्हणून त्यानं खिशातून कागद काढला, घसा खाकरला आणि मोठ्यानं वाचायलाच सुरुवात केली.

"अहो भाग्य! अहो भाग्य! मराठवाड्याच्या पुण्यभूमीत अवतरला आहे कृषीवलांचा कल्पतरू! गोमातेचे जीवनामृत! पाश्चात्त्य यंत्रविद्येचा मुकुटमणी..."

असं बरंच वाचून झालं, तेव्हा "अकरा," शरयू म्हणाली. मान वळवली नाही.

"काय अकरा?"

"उद्गारचिन्हं. मोठ्या टायपात आमच्याकडं अकराच हायेत. तुमची आत्तापर्यंत एकोणीस झाली, अन् जिनसाचं नाव अजून आलं न्हाई."

तो गडबडला. "पण — तुम्हाला चिन्हं ऐकू कशी आली?"

"दर चिन्हाला तुम्ही टाचा उचलता. फरशी वाजती."

आता ती वळली. समोर उंच, शिडशिडीत, कोटाची सगळी बटणं लावलेला तरुण उभा. थंडीनं कान लाल झालेले... का कशानं झालेले कोण जाणे. तिच्या हाताला शाई, गालावरही शाईचा एक पट्टा. तो त्या पट्ट्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला, आणि शरयूला पहिल्यांदा त्याचा राग आला.

"यंत्र कशाचं हाय?" तिनं विचारलं.

"कडबा कापण्याचं. हाताचं. चाक फिरवलं की..."

"मंग तसं लिहा ना. कडबा कापायचं यंत्र."

"इतकं साधं लिहिलं तर वाचेल कोण?"

"ज्याच्याकडं कडबा हाय तो."

भालचंद्र हसला. त्याला वाटलं, बाई गंमत करते आहे. तो साताऱ्याकडचा, इंटरपर्यंत शिकलेला; कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली, आणि ती बक्षिसं अजून अंगातून उतरलेली नव्हती. यंत्राच्या कंपनीनं त्याला मोंढ्याजवळ, धान्याच्या बाजारापाशी, एक दुकान काढून दिलं होतं आणि सांगितलं होतं, गुढीपाडव्यापर्यंत वीस यंत्रं विका, नाहीतर दुकानाला कुलूप लावून साताऱ्याला परत या. हे सगळं त्यानं न विचारताच सांगून टाकलं. मग म्हणाला, "चिन्हं अकरा तर अकरा. पण शब्द एकही बदलायचा नाही. या पत्रकावर माझं सगळं अवलंबून आहे."

गिऱ्हाइकाशी वाद घालू नये, असं नानांनी बजावलेलं. शरयूनं कल्पतरू जुळवला, जीवनामृत जुळवलं, मुकुटमणीही जुळवला. सगळ्यात खाली नियमाप्रमाणे छापखान्याचं नाव घातलं: मुद्रक, दीनानाथ अंबेकर, सुबोध छापखाना, कादराबाद, जालना. पाचशे प्रती निघाल्या. तो टाचा उचलत निघून गेला, आणि शरयूला वाटलं, सुटले.

पंधरा दिवसांनी सकाळी सकाळी दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, काटक, हिरवं लुगडं, खांद्यावर घोंगडी. हातात ते पत्रक, चार घड्या घातलेलं.

"दीनानाथ कोन हाय हितं? त्याला भाईर बोलव."

"ते माझे वडील. काय काम होतं?"

"म्या जयवंताबाई. केदारखेड्याची. पयल्या मोटारीनं आल्ते. माझी मशीन बंद पडली, अन् तुझा बाप म्हनतो गोमातेचं जीवनामृत. ती गोमाता तीन दिसापासून माझ्या तोंडाकडं बघून राह्यली."

शरयूनं समजावलं, की आम्ही नुसतं छापतो, विकणारा माणूस वेगळा, त्याचं दुकान मोंढ्याजवळ आहे. जयवंताबाईनं ऐकून घेतलं आणि पत्रकाच्या तळाशी बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. पण शाळेच्या मास्तरनं सगळा कागद वाचून दाखवला होता, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

"हितं खाली नाव कोनाचं हाय?"

"नानांचं. पण ते फक्त..."

"कागदाखाली ज्याचं नाव, त्यानं जबान दिली. अर्ज असो, का खत असो, का भावाची चिठ्ठी असो. आमाला एवढंच ठावं. तुमच्याकडं दुसरं काही असतं का?"

खरंच होतं. इतकी वर्षं सगळ्या खोटेपणाखाली नानांचं नाव ती स्वतःच्या हातानं जुळवत आली होती आणि नाक मुरडून मोकळी होत होती. तिचा चेहरा तापला. हातही न पुसता तिनं पायात चपला सरकवल्या. "चला," म्हणाली, "तुम्हाला दाखवते तो मुकुटमणी."

मोंढ्याजवळच्या दुकानात भालचंद्र एकोणीस यंत्रांच्या मधोमध बसला होता. विकलं गेलेलं एकमेव यंत्र जयवंताबाईचं. शरयू आत शिरली आणि तिनं दाराशीच तोंड सोडलं. तिनं त्याला काय काय सुनावलं ते इथं लिहीत नाही, शेजारचा आडत्या उठून ऐकायला आला एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

भालचंद्रनं शेवटी हळूच विचारलं, "बाई, कडबा कधी घालता?"

"सक्काळी. धार काढायच्या आधी."

"म्हणजे दव असतं त्यावर. ओला असतो. अहो, ओला चालत नाही. पात्याला लगदा बसतो. ते माहितीच्या पुस्तकात दिलेलं आहे."

"कोणत्या भाषेत?" शरयूनं विचारलं.

त्यानं कोटाचं बटण चाचपलं. "...इंग्रजीत."

"अन् पत्रकात?"

"पत्रकात दोष कसे सांगायचे? दोष सांगून कुणी माल विकतो का?"

शरयूनं कपाळाला हात लावला. तिथंही शाई लागली. जयवंताबाई मात्र त्याच्याकडे निरखून पाहत होती. "दिसतो चांगला," ती शरयूला म्हणाली, जणू तो तिथं नव्हताच, "पर बोलतो बिलकुल येड्यावानी."

दुपारच्या मोटारीनं भालचंद्र जयवंताबाईबरोबर केदारखेड्याला गेला. जायलाच पाहिजे असं कुणी म्हटलं नव्हतं. तो तिसऱ्या दिवशी परतला तो सरळ छापखान्यात. कोटाची दोन बटणं तुटलेली, केसांत भुसा, डाव्या हाताच्या बोटाला चिंधी.

"लगदा काढला," तो म्हणाला. "मग जयवंताबाईंनी दोन दिवस मलाच चाक फिरवायला लावलं. म्हणाल्या, इकतोस तर फिरवून बघ. मी आजवर ते यंत्र पाच मिनिटांपेक्षा जास्त फिरवलंच नव्हतं हो."

शरयूला हसू आलं आणि आल्याचा राग आला. "बोट?"

"पात्यात गेलं असतं. थोडक्यात वाचलं." मग त्यानं खिशातून कागद काढला. "नवीन लिहिलं आहे. एकही उद्गारचिन्ह नाही."

तिनं वाचलं. 'तृणकर्तन यंत्राच्या मर्यादांविषयी विनम्र निवेदन.' तिनं कागद पालथा घातला.

"काय झालं? खरं आहे सगळं."

"खरं हाय. पर बोलतो कोण असं? हे बघा. मी केदारखेड्याची बाई. दोन बैल, एक गाय. बाजारात आल्ते, घाईत हाये. आता सांगा मला, काय विकून राह्यले तुम्ही?"

"तुम्ही? तुम्ही बाई?"

"मी निघाले बघा. मोटार सुटती माझी."

"थांबा, थांबा. ही... कडबा कापायची मशीन आहे."

शरयूचा हात खिळ्यांवर गेला. तो बोलेल तसं ती थेट जुळवू लागली, मधे कागद नाही. हे काम तिच्याएवढं भराभर जालन्यात कुणी करत नसे. तो बोलत होता, खिळे टकटक करत तिच्या हातातल्या जुळवणीच्या पट्टीत बसत होते. आणि जिथं त्याची गाडी फेकाफेकीकडे वळायची तिथं तिचा हात थांबायचा.

"या यंत्रानं जनावर दुप्पट दूध..."

हात थांबला.

"बरं. दुधाचं मला माहीत नाही."

टकटक पुन्हा सुरू.

"बाई फार कडक आहे ही," भालचंद्र म्हणाला. "तिला मशीन आवडली की नाही ते तरी कळू दे."

"बाई अजून ऐकून राह्यली."

"आणि विकणारा?"

"त्याचं कोणी विचारलं न्हाई."

"मी विचारतो आहे."

खिडकीतून थंडीतलं ऊन आत आलं होतं. शरयूनं 'ळ' शोधायला मान खाली घातली आणि बराच वेळ वर काढली नाही. 'ळ' नेहमीच्याच खणात होता.

संध्याकाळी पत्रक छापून निघालं. ते असं होतं:

'राम राम. ही कडबा कापायची मशीन आहे. आधी हिचे दोष ऐका. ओला कडबा घालू नका, अडकते. थंडीत सकाळी कडब्यावर दव असतं. ऊन पडू द्या, मग घाला. हे एकट्याचं काम नाही. एकानं चाक फिरवायचं, एकानं कडबा सारायचा. पोरांना पात्याजवळ येऊ देऊ नका. माझं मोठ्या माणसाचं बोट जाता जाता राहिलं. पंधरा दिवसांनी पात्याला धार लावावी लागते.

आता गुण ऐका. जनावर पाला खातं आणि धाटं तुडवतं. कापून घातलं तर धाटंही खातं. केदारखेड्याच्या जयवंताबाईंना आधी दिवसाला दहा पेंढ्या लागायच्या, आता सात पुरतात. खोटं वाटलं तर त्यांच्या घरी जाऊन विचारा. चहाची अपेक्षा ठेवू नका, असं त्यांनी सांगितलं आहे. हे सगळं मी सांगतो, माझी जबान. भालचंद्र औंधकर, मोंढा, जालना.'

आणि त्याखाली मुद्रक दीनानाथ अंबेकर. या वेळी ते नाव जुळवताना शरयूला बरं वाटलं.

हसनाबादच्या बाजारात त्यानं हे मोठ्यानं वाचलं. आधीचं पत्रक लोकांनी घेऊन त्यात भजी बांधली होती. या वेळी एकजण म्हणाला, "दोष सांगतो म्हंजे माल जुना दिसतो," दुसरा म्हणाला, "न्हाई, जयवंताबाई माझी चुलती लागती, मी विचारतो," आणि तिसऱ्यानं सरळ चाकालाच हात घातला. वाद जुंपला. वादात माणसं जमली, आणि त्या दिवशी दोन यंत्रं गेली. मग आठवड्याला एक, कधी दोन. महाशिवरात्रीपर्यंत बारा झाली.

हा हिशेब शरयूला पाठ होता, आणि तो आपल्याला पाठ का असावा, याचा तिला भयंकर वैताग यायचा. वीस झाली की दुकान राहणार. दुकान राहिलं की तो राहणार. नाही झाली तर पाडव्यानंतर खिडकीशी येऊन उभं राहणारं कुणी नसणार. तसा येऊन तो करायचा काय, तर डोकं खायचा. पत्रकातली एखादी ओळ बदलायचं निमित्त काढायचा, जयवंताबाईनं दिलेला हुरडा आणायचा, कोळशाची शेगडी नाही म्हणून थंडच खायला लावायचा, आणि बोलत बसायचा.

"तुम्ही नेहमी चिडलेल्याच असता का?" एकदा त्यानं विचारलं.

"तुम्ही आल्यावर."

"म्हणजे मी गेल्यावर शांत असता?"

याचं खरं उत्तर नाही असं होतं. तो गेल्यावर ती जास्तच चिडायची. दारावरून कुणी पुरुषमाणूस गेला की मान वर व्हायची, नानांनी दोनदा हाक मारली तरी ऐकू यायची नाही. फाल्गुनात तो भोकरदनकडे आठ दिवस गेला, तेव्हा तिनं एका लग्नपत्रिकेत वराच्या जागी वधूच्या मामाचं नाव जुळवलं. नानांनी प्रूफ तिच्यासमोर धरलं आणि ट्रेडलकडे गेले. त्या रात्री तिनं स्वतःशी कबूल केलं: हा माणूस आपल्याला आवडतो. नुसता आवडत नाही, हवा आहे. आणि हे कळल्यावर आनंद व्हायच्या ऐवजी रडूच आलं, कारण हे सांगायचं कसं? मुलीनं का सांगायचं असतं? त्यानं सांगावं. पण तो तर आता खरं आणि मोजकं बोलायला शिकला होता. हे वेड आपणच त्याच्या डोक्यात भरवलं.

पाडव्याला चार दिवस असताना तो आला. दारातच थांबला. विकली गेलेली यंत्रं पुरी वीस झाली होती. खरं तर तो नाचत यायला हवा होता.

"एक छोटी नोटीस आहे," म्हणाला. "जल्दी पाहिजे होती."

"जल्दी," शरयू म्हणाली. "आता आमच्यासारखं बोलून राह्यले." आणि तिनं कागद घेतला.

'सर्व शेतकरी बांधवांना आनंदाने कळवतो, की कंपनीने माझी नागपूरच्या मोठ्या शाखेवर नेमणूक केली आहे. पाडव्यापासून जालन्याचे दुकान श्री. रामकिसन पाहतील.'

तिनं पट्टी हातात घेतली. स, र, व. मागच्या खोलीत ट्रेडल एका सुरात चालला होता. शेतकरी झालं, बांधवांना झालं. मग तिचा हात थांबला.

भालचंद्र वाट पाहत राहिला. हात तसाच.

"काय झालं?"

"आनंद झालाय तुम्हाला?"

"नोटिशीत तसं लिहायची पद्धत असते."

"मी पद्धत न्हाई विचारली. आनंद झाला का?"

"...नाही."

"मंग हा शब्द मी जुळवणार न्हाई."

"बरं. काढून टाका. नुसतं 'कळवतो' ठेवा."

"अन् नुसतं कळवून मोकळं व्हायचं? चार महिने इथं येऊन माझं डोकं खाल्लं, अन् आता नोटीस. मला वेगळं सांगायचं न्हाई, गावाबरोबर छापून सांगायचं. वा." तिचा आवाज चढला होता आणि तिला तो खाली आणता येईना. "नोकरी हाय, मोठी शाखा हाय, कंपनी म्हणती म्हणून जायलाच पाहिजे. समजतं मला. जा."

"जायलाच पाहिजे असं नाही," भालचंद्र म्हणाला. "कंपनीनं विचारलं आहे. नागपूरला गेलात तर पगार दीडपट. जालन्यात राहिलात तर पगार आहे तोच, दुकान आहे तेच. पाडव्याच्या आत कळवा."

शरयू बघतच राहिली. "मंग ही नोटीस कशाला लिहिली?"

"कारण राहायला काही कारण पाहिजे ना. मी हिकडं परका. दीडपट पगार सोडून का राहिलो, असं घरी विचारतील. मला वाटलं होतं कारण आहे. दर आठवड्याला येत होतो ते... पण तुम्ही दर वेळी रागावलेल्याच दिसलात. एकदा म्हणालात, मी आलो की चिडता. मग मी तेच खरं धरलं. तुम्ही खोटं बोलत नाही असं मला वाटतं."

हे तिच्या वर्मी बसलं. सगळ्या जालन्याला खरं बोला, साधं बोला म्हणून हैराण करणारी ती, आणि चार महिने या एका माणसाशी धादांत खोटं वागली होती. राग खरा होता, पण रागाच्या खाली जे होतं ते तिनं कधी बाहेर येऊच दिलं नव्हतं. आता हा नागपूरला चालला होता, ते केवळ तिच्या या एका लबाडीपायी.

तिनं पट्टी खाली ठेवली. हात पदराला पुसले. पदर खराब झाला.

"ऐका," ती म्हणाली. "माझा स्वभाव तापट हाय, तो जायचा न्हाई. हाताची शाई बी जात न्हाई, सणाला सुद्धा. स्वयंपाक बेताचाच जमतो. छापखाना मी सोडणार न्हाई. अन् नानांना एकटं टाकून कुठं लांब येणार न्हाई, नागपूरला तर बिलकुल न्हाई. हे आधी सांगते. हे सगळं ऐकूनही राहावं वाटलं तर..." इथं तिनं पट्टी उगाच सरळ केली. पण आता थांबले तर संपलंच, हे तिला कळत होतं. "तर राहा. तुम्ही येत न्हाई त्या दिवशी माझं कामात लक्ष लागत न्हाई. मला तुम्ही इथं पाहिजेत."

वक्तृत्वाची एवढी बक्षिसं, पण त्या क्षणी भालचंद्रला एक वाक्य धड जुळवता येईना. तो नुसता पुढं आला आणि तिच्या समोरचा नोटिशीचा कागद उचलून त्यानं त्याची घडी घातली, पुन्हा घडी घातली.

"बोला ना काहीतरी," शरयू म्हणाली. "आता का गप्प?"

"मला जायचं नव्हतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी तुमच्या गालाला शाई होती, तेव्हापासून मला कुठंच जायचं नाही."

"मंग हे चार महिने पोटात धरून काय बसले होते?"

"तुम्हीच शिकवलं, जास्त बोलायचं नाही म्हणून."

"मी खोटं जास्त बोलू नका म्हटलं होतं," ती म्हणाली. "देवा, काय माणूस हाय हा." आणि डोळे पुसले. त्यामुळे डोळ्याखालीही काळं झालं.

तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं, की मागचा ट्रेडल बंद आहे. केव्हापासून बंद होता कोण जाणे. नाना दारात उभे होते, फडक्यानं हात पुसत.

"नोटीस छापायची का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," दोघंही एकदम म्हणाले.

"मंग जुळवलेले खिळे परत खणांत सोडून ठेवा, तसेच राहू देऊ नका." नाना वळले, पुन्हा थांबले. "अन् औंधकर, पाडव्याला जेवायला या. साताऱ्याचा पत्ता देऊन ठेवा मला. तुमच्या वडिलांना पत्र लिहायचं म्हणतो."

"नाना," शरयू म्हणाली, "साधं लिहा हो."

"मला शिकवू नको," नाना म्हणाले आणि आत गेले. जरा वेळानं ट्रेडल पुन्हा सुरू झाला, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं.

शरयूनं पट्टीतले खिळे काढून त्याच्या तळहातावर ओतले. "घ्या. मदत करा जरा. एकेक अक्षर त्याच्या त्याच्या खणात."

भालचंद्रनं अगदी गंभीर चेहऱ्यानं पहिला खिळा उचलला, उलटा धरून निरखला, आणि 'श'च्या खणात 'स' टाकून दिला.

शरयूनं डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला. या माणसाबरोबर आता सगळा जन्म काढायचा होता. "तो न्हाई हो," ती म्हणाली, "त्याच्या शेजारचा." आणि त्याचा हात धरून तो बरोबर खणावर नेला. खण सापडला, खिळा पडला, पण हात काही तिनं सोडला नाही.